अम्मीचे विसरणे: ‘वय झाले’ म्हणून सोडू नका

नमाजच्या रकाती आठवत नाहीत, चुलीवरचे दूध उतू जाते, नातवाचे नाव ओठावर येत नाही. घरात आपण म्हणतो, “वय झाले, चालायचेच.” कधीमधी विसर पडणे वेगळे, पण ते वाढतच गेले, तर तो अल्झायमर असू शकतो.

१९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी हा आजार प्रथम मांडला, तो ऑगस्टे डेटर या स्त्रीच्या मेंदूवरून. आजही अमेरिकेतील अशा रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. स्त्रिया जास्त जगतात, हे एक कारण. पण तेवढेच नसावे, असे उंदरांवरील प्रयोग सुचवतात.

उंदरांना हा आजार आपोआप होत नाही. माणसातील सदोष जनुके त्यांच्यात घालून तसे उंदीर तयार करतात. त्यांच्या मेंदूत ॲमिलॉइड नावाचे प्रथिन साचते आणि पेशींची आपसातील निरोपांची देवाणघेवाण बिघडते. अशा अनेक जातींत नरांपेक्षा माद्यांमध्ये हे प्रथिन जास्त साचलेले आढळते. पेशींना निरोप देणाऱ्यांपैकी एक म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक. २००७ च्या एका प्रयोगात माद्यांची अंडाशये काढल्यावर ॲमिलॉइड वाढले, स्मरण खालावले; इस्ट्रोजेन दिल्यावर ही हानी टळली.

मग पाळी गेल्यावर संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्यात का? इथेच सावध राहायला हवे. २००३ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिले, तेव्हा स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटण्याऐवजी दुप्पट झाले. उंदरांत जे जमले, ते माणसांत जमेलच असे नाही. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत.

पूर्वी असे प्रयोग बहुतेक नर प्राण्यांवरच होत. २०१६ पासून अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने संशोधनात नर-मादी दोन्हींचा विचार करण्याची अपेक्षा ठेवली आहे. स्त्रियांचे औषध स्त्रियांना तपासूनच ठरेल.

घरात मात्र आजच करण्यासारखे आहे. अम्मी, दादी, नानी विसरू लागल्या तर डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा त्रास, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवावा, ऐकू कमी येत असेल तर तपासून घ्यावे.

वृद्ध आईबापांशी नरमाईने बोलण्याची ताकीद कुरआनच्या बनी इस्राईल या सूरहमध्ये आहे. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्या आईला दहाव्यांदाही शांतपणे उत्तर देणे, हीच त्या ताकिदीची रोजची परीक्षा.