'गिफ्ट' म्हणजे भेट की विष?

जर्मन बाटलीवर 'गिफ्ट' असं लिहिलेलं दिसलं तर खूश होऊ नका. जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष! स्वीडिशमध्ये तर विषही आणि 'विवाहित'ही. गंमत म्हणजे मूळ एकच: 'देणे'. इंग्रजीत ती दिलेली भेट झाली, स्वीडिशमध्ये मुलगी लग्नात देण्यावरून 'विवाहित' हा अर्थ आला. जर्मनमध्ये ग्रीक-लॅटिन 'डोसिस'च्या धर्तीवर आधी औषधाची 'दिलेली मात्रा' आणि मग विष. जुना अर्थ तिथे 'मिटगिफ्ट' म्हणजे हुंडा या शब्दात अजून टिकून आहे. आपल्याकडची मराठी आणि हिंदी 'शिक्षा' आठवतेय ना? तसंच. म्हणून परभाषेतला पेपर वाचताना ओळखीच्या शब्दालाही कोशात बघा. अनोळखी शब्द आपण शोधतोच. फसवतो तो ओळखीचा.