हम्प्टी डम्प्टी (टेनिएल यांचे चित्र)

हम्प्टी डम्प्टी हे इंग्रजी बालगीतातील पात्र भिंतीवर बसलेले, हातपाय असलेले अंडे म्हणून सर्वत्र ओळखले जाते. ही प्रतिमा रूढ करण्यात ब्रिटिश चित्रकार जॉन टेनिएल (१८२०–१९१४) यांनी लुइस कॅरल यांच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकासाठी काढलेल्या चित्राचा मोठा वाटा आहे. पुस्तक डिसेंबर १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठामागील शीर्षकपानावर मात्र १८७२ हे वर्ष छापलेले आहे.

मूळ गीतात अंड्याचा उल्लेख कोठेही नाही. कारण ते गीत नसून कोडे होते. भिंतीवरून पडलेला, आणि कितीही माणसे लावली तरी पुन्हा सांधता न आलेला हा कोण, असा त्यातला प्रश्न. अठराव्या शतकातील इंग्रजीत ‘हम्प्टी डम्प्टी’ म्हणजे बुटकी, बेढब व्यक्ती; त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूसच उभा राही आणि उत्तर लपून राही. (ब्रँडी घालून उकळलेल्या बिअरसारख्या पेयालाही हेच नाव होते.) निर्जीव वस्तूला माणसाचे रूप देऊन चकवण्याची ही रीत मराठी कोड्यांनाही परकी नाही. स्वीडनमध्ये ‘लिले ट्रिले’ आणि फ्रान्समध्ये ‘बूल बूल’ या नावांनी अशीच अंड्याची कोडी आढळतात. छापील स्वरूपात हे गीत सॅम्युएल आर्नल्ड यांच्या १७९७ मधील ‘जुव्हेनाइल अम्यूझमेंट्स’ या संग्रहात मिळते. त्यात राजाचे घोडे व शिपाई नाहीत. ऐंशी माणसे आणि आणखी ऐंशी माणसे आहेत.

कॅरल यांनी कोड्याचे उत्तर कथेतच फोडले. ॲलिस एका मेंढीच्या दुकानात अंडे विकत घेते. ते मोठे होत जाते, त्याला नाकडोळे फुटतात आणि तोच हम्प्टी डम्प्टी ठरतो. गंमत अशी की, आपल्याला अंडे म्हटलेले त्याला मुळीच खपत नाही. त्याच्या अंगावरचा पट्टा गळ्याचा की कमरेचा, हेही ॲलिसला उमगत नाही, कारण अंड्याला मान कोठे आणि कंबर कोठे! टेनिएल यांच्या चित्रात हा विनोद पुरेपूर उतरला आहे. हम्प्टी भिंतीवरून वाकून खाली उभ्या ॲलिसशी हस्तांदोलन करतो, आणि तो आता पडणार ही धास्ती पाहणाऱ्याला वाटत राहते.

‘पंच’ साप्ताहिकातील व्यंगचित्रांमुळे टेनिएल आधीच प्रसिद्ध होते. त्यांची रेखाटने लाकडी ठोकळ्यावर उलटी उतरवली जात आणि डॅल्झिएल बंधूंच्या कार्यशाळेत कोरली जात. छाया दाखवणाऱ्या बारीक, समांतर रेषा या कोरीवकामाची खूण होत.

पुढे अमेरिकन चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांनी १९०३ मध्ये अंड्यावर स्वतंत्र चित्रपुस्तक काढले. त्यातील छोटा हम्प्टी फुटण्याच्या भीतीपोटी स्वतःला उकडून घेतो! या पात्राचा संबंध १६४८ च्या कोल्चेस्टरच्या वेढ्यातील तोफेशी किंवा राजा तिसरा रिचर्ड याच्याशी जोडणाऱ्या कथा लोकप्रिय असल्या, तरी त्यांना जुना पुरावा नाही. आजचे मूल मात्र गीत ऐकण्याआधी चित्र पाहते. त्यामुळे हे कोडे आता कोणी सोडवत नाही.