टंचाईतला मनी प्लांट

धाराशिव शहरातल्या एका कचेरीच्या खिडकीत वर्षानुवर्षं वाढलेला मनी प्लांट परवा काढून टाकला आणि त्याच्या जागी प्लास्टिकच्या पानांची माळ लावली. कारण विचारलं, तर उत्तर आलं, "पाणी घालायची कटकट कोण करणार?" खऱ्याखुऱ्या टंचाईत हे झाड जगवणाऱ्या गावात असं उत्तर ऐकावं लागलं, याचं फार वाईट वाटलं.

टंचाईआधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आपली माळवदाची घरं ऊन बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली. जाड दगडी भिंती आणि उजेडाला छतातलं सवणं. झाडाची जागा अंगणात, तुळशीवृंदावनात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्याकडे दगडी भिंतींची धास्ती बसली आणि सिमेंटची घरं उभी राहिली. शहरातही वाडे पडून इमारती झाल्या. खिडक्या मोठ्या झाल्या आणि टीव्हीशेजारच्या बाटलीत वेल आली. चोरून आणलेला मनी प्लांट फळतो, ही समजूतही तिच्याबरोबर आली. पुढं वर्षानुवर्षं ती तशीच राहिली.

खरी परीक्षा झाली ती 2012 नंतर. 2012, 2014, 2015, 2018 या साली पावसानं पाठ फिरवली. टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागायच्या. नळाला पाणी कधी येईल त्यावर पाहुण्यांना बोलवायचं की नाही ते ठरायचं. उजनी धरणाची पाइपलाइन शहरापर्यंत आली, पण 2016 च्या उन्हाळ्यात उजनीनंच तळ गाठला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे सुरू झाली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. ती गाडी आमच्याच स्टेशनावरून पुढं गेली. लातूरकरांची तहान मोठी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात रिकामे हंडे ठेवून ती गाडी जाताना बघणं सोपं नव्हतं.

त्या दिवसांत घरातल्या झाडांवर बोट ठेवणारे पुष्कळ होते. माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही शोभेची झाडं कसली पोसता, असं तोंडावर ऐकवलं गेलं. त्याचं उत्तर आज देतो. बाटलीतल्या वेलीला आठवड्याला लागतं तांब्याभर पाणी. आमच्या घरांत तेही उरलेलंच असायचं: माठ विसळल्याचं, तांदूळ धुतल्याचं. तांदळाचं पाणी बाटलीत नासतं, म्हणून ते कुंडीत जायचं. बोअरच्या क्षारानं पानांची टोकं करपायची. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी तर त्याहून खारं, ते या झाडाला चालतच नाही, हेही बायकांनी पानं बघूनच ओळखलं. ज्या जिल्ह्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पिणारा ऊस उभा होता. जाब विचारायचा तर त्याला विचारायचा होता. तो विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून खिडकीतल्या बाटलीवर राग काढला.

हे झाड मूळचं पॅसिफिक महासागरातल्या मूरिया बेटाचं, भरपूर पावसाच्या रानातलं. तिथं ते मोठ्या झाडांवर चढतं आणि त्याची पानं हातभर होतात. शास्त्रज्ञांनी 2016 सालीच दाखवून दिलं, की जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयार होत नाही, म्हणून त्याला सहसा फुलं येत नाहीत. फूल नाही म्हणून बी नाही. घराघरांतली वेल पसरली ती पेर असलेली फांदी एकानं दुसऱ्याला दिली म्हणूनच. टंचाईत कुणाची वेल वाळली, की शेजारच्या काकू स्वतःच्या वेलीचा तुकडा काढून द्यायच्या. त्या दशकात आमच्या गल्लीतली वेल पूर्णपणे कधीच संपली नाही, ती यामुळं.

ते देणंघेणं आता उरलं नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर झाडं विकत आणायची लाट आली. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांतून, आंध्रातल्या कडियमहून हिरव्या जाळीच्या सावलीत, दमट हवेत वाढवलेली रोपं येतात. नारळाच्या भुश्यात लावलेलं ते रोप आमच्या मे महिन्याच्या कोरड्या झळांत माना टाकतं. कुणी त्याला हळूहळू सवय लावत नाही, कुलरजवळच्या थोड्या ओलसर हवेत सरकवत नाही. मेलं की कुंडीसकट कचऱ्यात, आणि मग प्लास्टिकची माळ.

हवा शुद्ध करतं म्हणून हे झाड ठेवा, असं मी सांगणार नाही. 1989 च्या नासाच्या प्रयोगाचा हवाला देऊन ते विकलं जातं, पण राहत्या घरात दोन-चार कुंड्यांनी हवेत फरक पडत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी स्पष्ट केलं आहे. ते ठेवायचं कारण वेगळं आहे. तांब्याभर उरलेल्या पाण्याचा हिशेब ज्या घरात रोज होतो, त्या घराला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पुढचा दुष्काळ येणार आहेच. तेव्हा पाणी सांभाळायची सवय प्लास्टिकची पानं लावलेल्या घराला एका दिवसात लागणार नाही.