छपराचा उतार कसा मोजावा: खानापूर तालुक्यातल्या एका घराचा धडा

जुन्या घराची नोंद करताना आपण चौकटी मोजतो, खांबावरच्या नक्षीचे फोटो काढतो. छपराचा उतार मात्र राहून जातो. फोटोवरून नंतर काढू, असं म्हणतो. पण अंगणातून वर बघून काढलेल्या फोटोत उतार खरा दिसतच नाही. घर एकदा उतरवलं की मग विचारायचं कुणाला?

उतारात बरंच काही साठवलेलं असतं. आपला बेळगाव जिल्हाच बघा. पश्चिमेला खानापूर तालुक्यात सह्याद्रीचा पाऊस, म्हणून उतरती कौलारू घरं. पूर्वेला अथणीकडच्या कोरड्या मुलखात जुनी घरं सपाट माळवदाची. पावसाइतकंच वर काय घातलं आहे तेही महत्त्वाचं. गवताच्या छपराला खडा उतार लागतो, साधारण ४५ अंशांचा, कारण पाणी आत मुरण्याआधी निथळलं पाहिजे. नळीची कौलं नुसती एकमेकांवर टेकलेली असतात. उतार फार दिला तर घसरतात. पुढे १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. या मंगळुरी कौलांच्या पाठीला रिपेत अडकणारा उंचवटा असतो आणि कडेच्या खाचा एकमेकींत बसतात. त्यांना तीस अंशांच्या आसपासचा उतार चांगला मानवतो. त्यामुळे मंगळुरी कौलांखाली फारच खडा उतार सापडला, तर पूर्वी तिथे गवत होतं का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारावं. उतार हा पुरावा नव्हे, पण धागा नक्की आहे.

आता माझी चूक सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका घराचं पुढचं पाखं पावसात बसलं होतं, मागचं शाबूत होतं. मालकांना जुन्यासारखंच छप्पर हवं होतं. मी माळ्यावर चढलो, वाशाला टेप लावून ६० इंच मोजले. तेवढ्यात उंची ३१ इंच वाढत होती. ३१ भागिले ६०, म्हणजे ०.५२, कोन आला २७ अंश. आकडा सुताराच्या हाती दिला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "साहेब, तुमचा आकडा बसत नाही हो. आढं दहा इंच खाली येतंय."

तीस वर्षं इंजिनिअर म्हणून नोकरी केलेला माणूस मी, आणि चूक शाळकरी पोराची. उतार म्हणजे उंची भागिले आडवं अंतर. मी भागलं होतं वाशाच्या तिरप्या लांबीने. ६० इंच तिरक्या लांबीचं आडवं अंतर भरतं ५१.४ इंच. ३१ भागिले ५१.४ म्हणजे ०.६०, कोन ३१ अंश. भिंतीपासून आढ्याखालपर्यंत दहा फूट आडवं अंतर होतं, म्हणजे उंची सहा फूट हवी. माझ्या हिशेबाने ती पाच फूट दोन इंच आली होती. सुतारांनी करवत चालवण्याआधी मागच्या पाख्याशी ताडून पाहिलं, म्हणून बरं. नाहीतर जुने सागवानी वासे प्रत्येकी पाच इंच आखूड कापले गेले असते. त्यांनी स्वतःचं माप एका वाक्यात सांगितलं: "दहाला सहा." त्यात कोनही नाही आणि गोंधळही नाही.

तेव्हापासून मी असं मोजतो. दोन फुटी लेव्हल घ्यावी. तिचं एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवून दुसरं आढ्याकडे करावं आणि बुडबुडा मध्यावर आणावा. मग आढ्याकडच्या टोकापासून सरळ वर वाशापर्यंतचं अंतर मोजावं. या घरात ते साडेचौदा इंच भरलं: २४ ला साडेचौदा, म्हणजेच दहाला सहा. वासे मध्ये वाकलेले असतात, म्हणून निदान तीन वाशांवर, आणि दोन्ही पाख्यांवर वेगवेगळं मोजावं. माप वाशाचंच घ्यावं, कौलाचं नको. कौल खालच्या कौलावर चढलेलं असल्याने वाशापेक्षा थोडं कमी कललेलं असतं.

वहीत नुसते अंश लिहू नका. उंची किती, आडवं अंतर किती, हे दोन्ही आकडे लिहा. माझ्या वहीत '६० इंच, वाशावरून' असं लिहिलेलं होतं, म्हणून चूक कुठे झाली ते फोनवरच सापडलं. नुसतं '२७ अंश' लिहिलं असतं आणि मागचं पाखंही पडलेलं असतं, तर ती चूकच त्या घराचा इतिहास म्हणून राहिली असती.

मिरगाआधी कौलं चाळायला माणसं छपरावर चढतात, तेव्हा वासे उघडे पडतात. ओळखीच्या घरी त्या दिवशी टेप आणि लेव्हल घेऊन जा. दहा मिनिटांचं काम आहे.