साइड डोअर: श्रीमंत पालकांनी अमेरिकेतल्या ॲडमिशनची सिस्टिम कशी वाकवली

बसमध्ये आवाज येत नाही, इअरफोन हरवलाय, किंवा तुम्हाला मुळात वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' झालं ते थोडं कमी केलंय. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात घरातल्या एका फोनने करतो. माझा मामा न्यू जर्सीत असतो. मामेबहीण तिकडे शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचे कॉलेजचे अर्ज भरणं चाललं होतं. एके रात्री मामाचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, आईची चौकशी झाली, आणि मग म्हणाला, "अरे, तू एवढा इंजिनिअर. एखादं छोटं ॲप बनवून दे ना. आपण ते हिच्या नावाने टाकू. अर्जात वजन येतं त्याला. इथे सगळेच करतात."

आणि मी काय म्हणालो? "हो मामा, बघतो." खरं सांगायचं तर मी त्याच शनिवारी कोड लिहायला बसलोसुद्धा.

त्यावर मी शेवटी येतो. आधी हे बघू की 'सगळेच करतात' म्हणजे कोण, काय आणि कसं करतं. कारण अमेरिकेत या विषयावर एक मोठी केस झालीय. ती नीट वाचली तेव्हा मला मामाच्या फोनचा अर्थ कळला.

आपलं कॅप राउंड आणि त्यांचा अर्ज

आपल्याकडे इंजिनिअरिंगचं कसं असतं? सीईटी दिली, पर्सेंटाइल आला, मेरिट लिस्टमध्ये नंबर लागला, कॅप राउंडला ऑप्शन भरले, कटऑफमध्ये बसलात तर आत. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात, गिटार वाजवता का, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांत तसं नाही. तिथे मार्क असतातच. एसएटी किंवा एसीटी ही परीक्षा असते. पण त्याबरोबर निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, खेळ, समाजकार्य, छंद, हे सगळं बघितलं जातं. विचार चांगला आहे. एका परीक्षेवर मुलाचं आयुष्य ठरू नये. पण इंजिनिअर म्हणून मला लगेच दिसतं की इनपुट जितके जास्त, तितक्या फसवायच्या जागाही जास्त.

तीन दारं

१२ मार्च २०१९. बॉस्टनमधल्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं की ५० जणांवर गुन्हे दाखल झालेत. त्यात ३३ पालक. तपासाचं नाव होतं 'ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज'. मध्यभागी होता कॅलिफोर्नियातला एक ॲडमिशन सल्लागार, विल्यम 'रिक' सिंगर. २०११ ते २०१८ या काळात पालकांनी त्याला सुमारे २ कोटी ५० लाख डॉलर दिले होते.

सिंगर पालकांना एक साधा हिशेब समजवायचा. कॉलेजला तीन दारं असतात. पुढचं दार म्हणजे मुलाने स्वतःच्या बळावर आत जाणं. मागचं दार म्हणजे कॉलेजला प्रचंड देणगी देणं. पण त्याला दहापट पैसे लागतात आणि तरीही खात्री नाही. आणि तिसरं, साइड डोअर, त्याने स्वतः बनवलेलं. स्वस्त आणि खात्रीचं.

आता हे साइड डोअर उघडायचं कसं? यात तीन युक्त्या होत्या.

पहिली युक्ती परीक्षेची. लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मुलांना तिकडे परीक्षेत जास्त वेळ मिळतो. डिस्लेक्सियासारखी अडचण असलेल्या मुलासाठी ही सवलत फार गरजेची आहे. सिंगर पालकांना सांगायचा, मुलाला तपासणीला न्या आणि असा दाखला मिळवा. दाखला मिळाला की परीक्षा दोन दिवसांत, वेगळ्या खोलीत देता येते. मग सेंटर बदलून घ्यायचं. कारण काय द्यायचं? त्या गावात लग्न आहे! (कारण ऐकून मला आपलीच माणसं आठवली.) ह्यूस्टन आणि वेस्ट हॉलिवूड इथल्या दोन सेंटरांवर त्याची माणसं होती. फ्लोरिडाहून मार्क रिडेल नावाचा हार्वर्डचा माजी विद्यार्थी विमानाने यायचा. कधी सुपरवायझर म्हणून बसायचा आणि मुलाने पेपर दिल्यावर उत्तरं दुरुस्त करायचा, तर कधी मुलाच्या जागी स्वतःच पेपर द्यायचा. एका परीक्षेचे त्याला साधारण १० हजार डॉलर मिळायचे. पालक १५ हजार ते ७५ हजार डॉलर मोजायचे. कित्येक मुलांना तर पत्ताही नसायचा. त्यांना वाटायचं, आपल्याला खरंच एवढे मार्क पडले!

दुसरी युक्ती खेळाची. तिथल्या कॉलेजांत प्रत्येक खेळाच्या प्रशिक्षकाला काही खेळाडूंची नावं सुचवता येतात. त्या यादीत नाव आलं की ॲडमिशन जवळजवळ पक्की. सिंगरने फुटबॉल-बास्केटबॉलपेक्षा रोइंग, वॉटर पोलो, सेलिंग असे खेळ जास्त धरले, जे टीव्हीवर फारसे दिसत नाहीत. एका वडिलांनी ऑनलाइन वॉटर पोलोचं सामान मागवलं, घरच्याच स्विमिंग पूलमध्ये मुलाचे फोटो काढले आणि ते एडिट करून घेतले. अभिनेत्री लोरी लॉकलिन आणि तिचा नवरा मोसिमो जनुली यांनी दोन मुलींसाठी ५ लाख डॉलर दिले. मुली रोइंगच्या खेळाडू म्हणून युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात गेल्या. रोइंग मशीनवर बसलेले फोटो जोडले होते. रोइंग त्यांनी कधी केलंच नव्हतं.

तिसरी युक्ती ऐकून मी खरंच थांबलो. हे पैसे सिंगरच्या धर्मादाय संस्थेला 'देणगी' म्हणून जायचे. वर पावती मिळायची की या देणगीच्या बदल्यात काहीही मिळालेलं नाही. म्हणजे लाच द्यायची आणि वर त्यावर इन्कम टॅक्समध्ये सूटही घ्यायची!

बिंग कसं फुटलं

तुम्हाला वाटेल एखाद्या कॉलेजने पकडलं असेल. नाही. शेअर बाजारातल्या फसवणुकीसाठी चौकशी चालू असलेल्या एका माणसाने स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून सांगितलं की येल विद्यापीठाचा महिला सॉकरचा प्रशिक्षक माझ्याकडे पैसे मागतोय. तो प्रशिक्षक, रूडी मेरेडिथ, एप्रिल २०१८ मध्ये बॉस्टनच्या हॉटेलातल्या खोलीत ४ लाख ५० हजार डॉलर मागताना रेकॉर्ड झाला. त्याच्याकडून धागा सिंगरपर्यंत गेला. मग सिंगरने सरकारला मदत करायचं मान्य केलं आणि पालकांना एकेक करून फोन लावले. ते सगळे कॉल रेकॉर्ड होत होते.

शिक्षा? अभिनेत्री फेलिसिटी हफमनला १४ दिवसांचा तुरुंगवास. लॉकलिनला २ महिने, नवऱ्याला ५ महिने. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षं.

बग कुठे होता?

आता जरा माझ्या धंद्याच्या भाषेत बोलतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिला धडा असतो: बाहेरून आलेला डेटा तपासल्याशिवाय आत घेऊ नका. इथे प्रशिक्षकाने 'हा खेळाडू आहे' म्हटलं, की ॲडमिशन ऑफिस ते मानायचं. वर्ष सुरू झाल्यावर तो मुलगा मैदानात दिसतोय का, हे कुणी बघत नव्हतं.

एका ठिकाणी मात्र चेक लागला. लॉकलिनच्या मुलींच्या शाळेतल्या समुपदेशकाला प्रश्न पडला की या मुली रोइंग करतात हे मला कसं माहीत नाही? त्याने विचारणा केली. त्यावर वडील शाळेत येऊन त्याच्यावर भडकले, आणि मुलींच्या ॲडमिशनला काही झालं नाही. अलार्म वाजला होता, ऐकणाऱ्याने तो बंद केला.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच वाटतं. या तिन्ही युक्त्या परत बघा. जास्त वेळ ही डिसॅबिलिटी असलेल्या मुलांची सवलत. खेळाची जागा ही वर्षानुवर्षं पहाटे उठून सराव करणाऱ्यांची सवलत. करातली सूट ही खरोखर दान करणाऱ्यांची सवलत. सिंगरने दुसऱ्यांसाठी बनवलेल्या सवलतींत आपली माणसं घुसवली. मग भुर्दंड कुणाला? डिस्लेक्सिया असलेला मुलगा जास्त वेळ मागतो, तेव्हा आता समोरचा आधी संशयाने बघतो. ज्या खऱ्या रोइंगपटूची जागा गेली, तिला तर ती गेली हे कळलंही नाही.

मागच्या दाराचं काय?

साइड डोअर बंद झालं. मागचं? ते बहुतेक ठिकाणी कायदेशीरच आहे.

पत्रकार डॅनियल गोल्डनने २००६ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की बिल्डर चार्ल्स कुशनरने १९९८ मध्ये हार्वर्डला २५ लाख डॉलर देण्याचं कबूल केलं आणि पुढे त्याच्या मुलाला, जेरेडला, तिथे ॲडमिशन मिळाली. कुटुंबाच्या बाजूने दोन्हींचा संबंध नाकारला गेला. पण यात पोलीस येण्याचा प्रश्नच नव्हता.

मे २०२३ मध्ये तर गंमतच झाली. व्हर्सिटी ब्लूजमधल्या दोन वडिलांचं अपील बॉस्टनच्या कोर्टात आलं. कोर्टाने त्यांच्यावरचे मुख्य आरोप टिकवले नाहीत. कारण सोप्या शब्दांत असं: पैसे प्रशिक्षकाच्या खिशात न जाता विद्यापीठाच्याच खात्यात जाणार असतील, तर त्याला त्या विद्यापीठाविरुद्धची लाच कसं म्हणायचं? कोर्टाने त्यांचं वागणं योग्य ठरवलं नाही, आणि एकाला खोट्या टॅक्स रिटर्नसाठी दोषी ठरवणंही कायम ठेवलं. पण साइड डोअर आणि मागच्या दारातली भिंत किती पातळ आहे, ते दिसलं.

२०२३ मध्येच राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. आयव्ही लीगची ८ आणि आणखी ४ अशा १२ नामांकित कॉलेजांत, परीक्षेत मार्क तेवढेच असूनही, सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांची जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. कारणं? माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य, खेळाच्या जागा, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींचे गुण. सगळं नियमात बसणारं.

याविरुद्ध हालचाल झालीय. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून खासगी कॉलेजांत देणगीदारांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य द्यायला बंदी केली. २०२५ च्या सप्टेंबरपासून तो लागू झाला.

आणि आपण?

'अमेरिकेत काय चालतं बघा' म्हणून हसायला आपल्याला जागा नाही. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरुद्धचा कायदा १९८७ चा आहे. तो उगाच करावा लागला नाही. आणि एनआरआय कोटा घ्या. २००५ मध्ये इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने जास्तीत जास्त १५ टक्के जागांना परवानगी दिली, पण खऱ्याखुऱ्या एनआरआयच्या मुलांसाठी. पुढे पंजाबने २०२४ मध्ये मेडिकलसाठी ही व्याख्या काका, मामा, आजी-आजोबा अशा नातेवाइकांपर्यंत ताणली. म्हणजे मामा न्यू जर्सीत आहे म्हणून माझ्यासारख्यालाही त्या रांगेत उभं राहता आलं असतं! हायकोर्टाने ते रद्द केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबचं अपील फेटाळलं. युक्ती तीच: सवलत एकासाठी, घुसणार दुसराच.

मामाला काय सांगितलं

आता तो शनिवार. लॉगिन स्क्रीन झाली होती. प्रोजेक्टला बहिणीचं नाव द्यायला गेलो आणि मला रिडेल आठवला. तो पैसे घ्यायचा, मी घेत नव्हतो. एवढाच फरक. काम तेच: दुसऱ्याच्या मुलीचा पेपर आपण लिहायचा.

मी मामाला फोन केला. "मामा, ॲप नाही बनवून देणार. पण दर रविवारी तिला शिकवतो. जे होईल ते तिचं." मामा म्हणाला, "बरं, राहू दे." आणि नंतर दोन महिने त्याचा फोन आला नाही. आईलाही वाईट वाटलं.

बहीण मात्र रविवारी यायची. आमचे बारा-तेरा कॉल झाले. तिने आजीसाठी औषधांच्या वेळा सांगणारं एक छोटं ॲप बनवलं. मराठीत बोलतं, मध्येच बंद पडतं. अर्जात तिने तेच लिहिलं, बंद पडतं हेसुद्धा. ज्या मोठ्या नावाच्या कॉलेजची तिला आस होती, तिथून नकार आला. राज्याच्या विद्यापीठात मिळालं, आणि ती तिथे गेली.

नकार आला त्या रात्री तिने विचारलं, "दादा, तू बनवलेलं ॲप असतं तर मिळालं असतं का?" मी म्हटलं, कदाचित हो. खोटं कशाला बोलू?

आजी ते ॲप अजून वापरते. बंद पडलं की न्यू जर्सीला फोन लावते, मला नाही.

तुमच्या घरात असा फोन आलाय का कधी? किंवा तुम्हीच केलाय? नाव सांगू नका, पण व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. भेटू!