खुब्याच्या मोडलेल्या हाडाला आधार: प्लेट की रॉड?

खुब्याचे हाड मोडले असे सरसकट म्हटले जात असले, तरी मोडते ते मांडीच्या हाडाचे वरचे टोक, आणि ते नेमके कोठे मोडले यावरच पुढचे उपचार ठरतात. या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसतो, त्याखाली अरुंद मान असते आणि मान दांड्याला मिळते तेथे ट्रोकँटर नावाचे दोन उंचवटे असतात. माथ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेला बिलगूनच वर जात असल्यामुळे, मान मोडून हाड सरकले की माथा मृत होण्याची भीती असते. म्हणून वृद्धांमध्ये अशा वेळी हाड जोडण्यापेक्षा सांधा बदलणेच बहुधा इष्ट ठरते. ट्रोकँटरच्या भागात मात्र रक्तपुरवठा मुबलक असतो, हाड सहसा जुळते, आणि प्रश्न उरतो तो जुळेपर्यंत ते धरून ठेवण्याचा.

शल्यविशारद स्मिथ-पीटरसन यांनी 1931 मध्ये मानेच्या मोडीसाठी तीन पात्यांचा खिळा मांडला आणि हाड आतून सांधण्याच्या पद्धतीला मोठी चालना मिळाली. परंतु मोडलेले हाड भाराखाली थोडे दबतेच, आणि खिळा दांड्यावर बसवलेल्या प्लेटला घट्ट जखडलेला असला, तर तो माथा फोडून बाहेर येतो. या अडचणीवर डीएचएस, म्हणजे सरकता स्क्रू, हा उपाय निघाला. यात दांड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या प्लेटला बहुधा 135 अंशांच्या कोनात एक नळी असते आणि माथ्यात रुतलेला जाड स्क्रू, दुर्बिणीचे भाग एकमेकांत शिरावेत तसा, त्या नळीत मागे सरकतो, त्यामुळे मोडलेली टोके एकमेकांवर दाबली जातात.

ही रचना ट्रोकँटरच्या बाहेरच्या भिंतीवर विसंबते. भिंत फुटलेली असेल किंवा मोडीची रेघ उलट तिरपी असेल, तर तेच सरकणे घातक ठरून दांडा आतल्या बाजूला ढळतो. अशा वेळी हाडाच्या पोकळीत घातलेला रॉड सरस ठरतो, कारण तो भाररेषेच्या जवळ असतो आणि दांड्याला ढळू देत नाही. 1980 च्या दशकातील सुरुवातीच्या गॅमा नेल या रॉडमध्ये त्याच्या टोकाशी दांडाच मोडण्याचे प्रकार घडले आणि पुढे रचना बदलून ते कमी करण्यात आले. पीएफएन या दुसऱ्या रॉडमध्ये माथ्यात घातलेल्या दोन स्क्रूंपैकी कधी एक आत शिरे, दुसरा बाहेर येई; पीएफएनए या त्याच्या सुधारित रूपात त्यांच्या जागी एकच पीळदार पाते आले.

तरीही साध्या, स्थिर मोडीत महागडा रॉड अधिक गुणकारी ठरल्याचे दिसत नाही, आणि ब्रिटनमधील नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे अशा मोडीत आजही सरकत्या स्क्रूलाच पसंती देतात. मानेच्या मोडीबाबत 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,108 रुग्णांच्या फेथ चाचणीतही, सरकता स्क्रू वापरलेल्यांपैकी 20 टक्के आणि अनेक बारीक स्क्रू वापरलेल्यांपैकी 22 टक्के रुग्णांना दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणजे फरक नगण्यच होता.

साधनाच्या नावापेक्षा ते बसवणारा हात अधिक मोलाचा आहे. बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले, की स्क्रूचे टोक आणि माथ्याचा शिरोबिंदू यांतील, समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन क्ष-किरण चित्रांत मोजलेल्या अंतरांची बेरीज 25 मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर स्क्रू माथा फोडून सहसा बाहेर येत नाही. म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना साधनाच्या किमतीबरोबरच मोड स्थिर आहे का, बाहेरची भिंत शाबूत आहे का आणि हे अंतर किती राहिले, हेही अवश्य विचारावे.