संकेतस्थळाची नोंदवही : ती कशी वाचावी?

सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाराशी एक नोंदवही ठेवलेली असते. येणारा वाचक तीत आपले नाव व येण्याची वेळ लिहितो. वर्षाअखेरीस ग्रंथपाल त्या नोंदींची बेरीज करतात आणि ती वार्षिक अहवालात छापली जाते. वाचनकक्षात आणखी बाके हवीत काय, एखादे नियतकालिक चालू ठेवावे की बंद करावे, हे निर्णय बऱ्याच अंशी त्या एका आकड्यावर अवलंबून असतात.

आज असंख्य ग्रंथालयांनी, शाळांनी आणि संशोधनसंस्थांनी आपापली संकेतस्थळे उघडली आहेत. तेथेही नोंदवही असतेच. तिला ‘लॉग’ म्हणतात. मात्र ती वाचकाच्या हातची नसून यंत्राने लिहिलेली असते. तिची बेरीज करून देणाऱ्या आज्ञावली, म्हणजे व्यवहारातील शब्द वापरायचा तर सॉफ्टवेअर, अनेक आहेत व त्यांपैकी काही विनामूल्य मिळतात. पण यंत्र काय लिहिते आणि काय लिहू शकत नाही, हे ध्यानात न घेता ती बेरीज स्वीकारली, तर नसलेले वाचक अहवालात दिसू लागतात आणि असलेले वाचक दिसेनासे होतात. पुढे निधी ठरतो तो याच आकड्यांवरून.

नोंदीची एक ओळ

विश्वव्यापी जाळ्याची, म्हणजे वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनेव्हाजवळील सर्न या संस्थेत मांडली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात १९९३ मध्ये रॉब मॅककूल यांनी एक सर्व्हर-आज्ञावली लिहिली. तिच्यापासूनच पुढे १९९५ मध्ये ‘अपाचे’ ही सुप्रसिद्ध आज्ञावली विकसित झाली. त्या आरंभीच्या काळात नोंदीची जी मांडणी रूढ झाली, तिला ‘सामान्य नोंदपद्धती’ म्हणतात. ती आजही प्रचारात आहे.

या पद्धतीत दर विनंतीमागे एक ओळ लिहिली जाते व ओळीत सात रकाने असतात. पहिल्यात विनंती करणाऱ्या यंत्राचा जालपत्ता असतो. दुसरा व तिसरा रकाना वापरकर्त्याच्या ओळखीसाठी राखलेला असला, तरी बहुधा तेथे केवळ एक आडवी रेघ आढळते. चौथ्यात दिनांक व वेळ, पाचव्यात मागितलेल्या पानाचे किंवा चित्राचे नाव, सहाव्यात सर्व्हरच्या उत्तराचा तीन अंकी संकेत आणि सातव्यात पाठविलेल्या मजकुराचे आकारमान असते. उत्तरसंकेत २०० असेल तर मागितलेली वस्तू दिली गेली. ३०४ असेल तर वाचकाच्या यंत्रातील जुनी प्रत अजून चालण्याजोगी आहे. ४०४ असेल तर अशी वस्तू येथे नाही. आणि ५०० असेल तर सर्व्हरमध्येच बिघाड झाला, असा अर्थ होतो.

‘संयुक्त नोंदपद्धती’त आणखी दोन रकाने येतात : वाचक कोणत्या पानावरून येथे आला, आणि त्याने कोणता ब्राउझर वापरला. यांपैकी पहिल्याचे इंग्रजी नाव ‘रेफरर’. परंतु नियम लिहिताना त्यातील एक ‘र’ गळाला आणि १९९६ च्या अधिकृत मसुद्यातही ती चूक कायम राहिली. आज जगभरातील सर्व्हर तेच अशुद्ध लेखन इमानाने वापरतात.

विनंती, पान, भेट आणि वाचक

या ओळीत वाचकाचे नाव कोठेच येत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. यंत्र मोजते ती विनंती. समजा, ग्रंथालयाच्या मुखपृष्ठावर दहा चित्रे आहेत, आणि मजकुराची एक, सजावटीची एक व हालचालींची एक अशा तीन संचिका आहेत. ते पान प्रथमच उघडणाऱ्या वाचकाच्या नावे तेरा विनंत्या नोंदल्या जातात. शंभर वाचकांच्या तेराशे ओळी होतात. ‘संकेतस्थळाला तेराशे हिट्स मिळाले’ हे विधान खोटे नाही. पण त्यावरून तेराशे माणसे आली असे समजणे चूक ठरेल.

उलट दिशेनेही चूक होते. एकदा पाहिलेल्या पानाची प्रत ब्राउझर स्वतःपाशी ठेवतो. तेच पान पुन्हा उघडल्यास सर्व्हरकडे विनंती येईलच असे नाही. तसेच जालपत्ता म्हणजे माणूस नव्हे. जालपत्त्यांची मूळ पद्धत ३२ द्विमान अंकांची असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच भरतात. ते पुरत नाहीत, म्हणून एका शाळेतील सर्व संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याने दिसतात. भ्रमणध्वनीवरून वाचणाऱ्या एकाच व्यक्तीचा पत्ता मात्र दिवसातून अनेकदा बदलू शकतो.

तिसरी अडचण यंत्रांची आहे. शोधयंत्रांचे ‘क्रॉलर’ अहोरात्र पाने वाचीत फिरतात. २०२३ पासून भाषाप्रतिमाने घडविणाऱ्या कंपन्यांच्या क्रॉलरांचीही त्यांत उघड भर पडली आहे. सभ्य क्रॉलर आपले नाव सांगतो. पण नाव सांगणे त्याच्या इच्छेवर असते, आणि दुसऱ्याचे नाव सांगणेही अशक्य नाही.

एकच वही, तीन उत्तरे

केंब्रिज विद्यापीठातील स्टीफन टर्नर यांनी १९९५ मध्ये ‘ॲनालॉग’ ही विनामूल्य आज्ञावली प्रसिद्ध केली. नोंदवहीवरून वाचकांची खरी संख्या कळू शकत नाही, असे तिच्या मार्गदर्शिकेत त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले होते. पुढील आज्ञावली अधिक धीट निघाल्या. ब्रॅडफर्ड बॅरेट यांची ‘वेबलायझर’ १९९७ मध्ये, लॉराँ देस्ताय्यर यांची ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ २००० मध्ये आणि ‘गोॲक्सेस’ २०१० मध्ये आली. या तिन्ही ‘भेटी’ अथवा ‘अभ्यागत’ मोजतात. परंतु भेट कशाला म्हणावे याविषयी तिघींचे एकमत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका वाचकाने सकाळी १० वाजता एक लेख उघडला, तो सावकाश वाचला आणि १० वाजून ४० मिनिटांनी दुसरा लेख उघडला. वेबलायझरच्या मूळ मांडणीत तीस मिनिटांचा खंड पडला की नवी भेट धरतात; म्हणून तिच्या हिशेबी भेटी दोन. एडब्ल्यूस्टॅट्स साठ मिनिटे थांबते. तिच्या हिशेबी भेट एक. गोॲक्सेस पत्ता, दिनांक व ब्राउझर ही तीन लक्षणे जुळली की त्या दिवसापुरता एकच अभ्यागत मानते. हाच वाचक रात्री पुन्हा आला तरी तिच्या आकड्यात वाढ होत नाही. शिवाय एडब्ल्यूस्टॅट्स ओळखू आलेले क्रॉलर वेगळे काढून दाखविते, तर गोॲक्सेसला तसे मुद्दाम सांगावे लागते. तिन्ही बेरजा आपापल्या नियमानुसार बरोबरच असतात. मात्र एका वर्षी एक व दुसऱ्या वर्षी दुसरी आज्ञावली वापरून ‘वाचक वाढले’ किंवा ‘घटले’ असे म्हणणे, म्हणजे एकदा शेराने व एकदा किलोने धान्य मोजून पीक ठरविण्यासारखे आहे.

निवड कशी करावी?

प्रथम प्रश्न ठरवावा, मग साधन निवडावे. दरमहा एक साधा तक्ता हवा असेल, तर जुन्या व हलक्या आज्ञावलीही पुरेशा होतात. सर्व्हरवर या क्षणी काय चालले आहे हे पाहावयाचे असेल, तर तत्क्षणी आकडे दाखविणारी गोॲक्सेस सोयीची पडते. वाचक कोणत्या पानावरून कोणत्या पानाकडे जातात हे जाणावयाचे असेल, तर दुसरी एक पद्धत आहे. तीत प्रत्येक पानात एक लहानशी आज्ञा घातलेली असते व ती वाचकाच्या ब्राउझरमधून वेगळ्या सर्व्हरला कळविते. गूगल कंपनीने २००५ मध्ये ‘अर्चिन’ ही कंपनी विकत घेऊन त्याच वर्षी जी सेवा सुरू केली, ती याच पद्धतीची होती. २००७ मध्ये ‘पिविक’ या नावाने निघालेली व २०१८ पासून ‘माटोमो’ म्हणून ओळखली जाणारी आज्ञावली संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते, व ती नोंदवहीही वाचू शकते.

पानातील आज्ञेच्या पद्धतीत बरेचसे क्रॉलर आपोआप गळतात. पण ज्या वाचकांनी अशा आज्ञा रोखून ठेवलेल्या असतात तेही गळतात. शिवाय वाचकांची माहिती तिसऱ्याच्या हाती जाऊ शकते. नोंदवही संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात राहते, आणि जेथे पान पोहोचलेच नाही अशा अपयशांचीही ती नोंद ठेवते.

वापरताना घ्यावयाची काळजी

पहिली काळजी वेळेची. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंद करतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्यामुळे आपल्याकडील मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या साऱ्या नोंदी आदल्या दिवसाच्या खाती जमा होतात.

दुसरी काळजी जतनाची. वही फार वाढू नये म्हणून सर्व्हर ठरावीक काळाने नवी वही उघडतो व जुनी कालांतराने पुसून टाकतो. पुसण्यापूर्वी तिची बेरीज झाली पाहिजे. पण मूळ वही अनिश्चित काळ साठवून ठेवणेही योग्य नव्हे. जालपत्त्यावरून व्यक्तीचा माग लागू शकतो. कोण काय वाचतो हे गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे जुनेच व्रत आहे, आणि व्यक्तिगत विदेच्या संरक्षणासाठी भारताने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही केला आहे. बेरजेचे काम संपल्यावर पत्त्याचा शेवटचा भाग पुसून टाकणे हा एक सोपा उपाय आहे.

तिसरी काळजी सुरक्षिततेची. २००५ मध्ये एडब्ल्यूस्टॅट्समध्ये एक गंभीर दोष आढळला होता. त्यातून परक्यास सर्व्हरवर आज्ञा चालविता येत असत. म्हणून आज्ञावलीची अद्ययावत आवृत्ती वापरावी आणि अहवालाचे पान सर्वांसाठी खुले ठेवू नये.

सर्वांत उपयुक्त पान मात्र बेरजेचे नसते. ते ४०४ या संकेताचे असते. ग्रंथसूची नव्या जागी हलविली, पण जुन्या पत्त्यावरून येणाऱ्यांसाठी दिशा दाखविली नाही, तर येणारा वाचक बंद दारावरून परततो. तो तक्रार करीत नाही, पुन्हा येतही नाही. त्याच्या येण्याचा पुरावा उरतो तो फक्त नोंदवहीतील त्या ओळीत.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

ज्या शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ आहे तिला या गोष्टींचा पडताळा सहज घेता येईल. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दहा विद्यार्थ्यांनी संगणककक्षातून तेच एक पान उघडावे. दोघांनी आपल्या घरून, भ्रमणध्वनीवरून, ते पाहावे. कोणी किती वाजता काय उघडले, हे प्रत्येकाने कागदावर टिपून ठेवावे. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या वेळेच्या ओळी नोंदवहीतून काढाव्यात व दोन निरनिराळ्या आज्ञावलींचे अहवाल शेजारी मांडावेत. खरे वाचक बारा होते हे वर्गाला आधीच ठाऊक आहे. अहवालांत बारा हा आकडा बहुधा दिसणार नाही. तो का दिसला नाही, हे प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सांगता आले, की विद्यार्थ्यांना नोंदवही वाचता आली असे समजावे.